[मंडळ-यादी] डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा: एक दशांश की दोन?

प्रेषक: नाना (वजन टेबल)

मंडळी, पाइनवुड डर्बीचं, म्हणजे कब स्काउट मुलांच्या लाकडी खेळगाड्यांच्या शर्यतीचं, डिस्ट्रिक्टचं (आसपासच्या सगळ्या पॅकचं मिळून) पत्रक पोचलं असेलच. वजनाच्या कलमात यंदा "कमाल ५.०० औंस" असं छापलंय, म्हणजे दोन दशांश. आपल्या पॅकच्या (आपल्या कब स्काउट तुकडीच्या) शर्यतीला नेहमीचा काटा होता, तो एकच दशांश दाखवतो. त्यावर ५.० दाखवून पास झालेली गाडी डिस्ट्रिक्टच्या टेबलावर ५.०३ दाखवणार आणि तिला परत पाठवणार. हॉल आपल्या मंडळाचा, ट्रॅक आपल्या पॅकचा, टेबलावर माणसं आपली, मग काटाही आपलाच असावा, असं मी डिस्ट्रिक्ट कमिटीला कळवतो आहे. हरकत असेल तर उद्या रात्रीपर्यंत सांगा.

नाना

---

प्रेषक: तात्या
उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

नाना, हरकत आहे. एक दशांशाचा काटा ५.० दाखवतो तेव्हा गाडी ४.९५ ते ५.०५ च्या मध्ये कुठेही असू शकते. हा पट्टा २.८ ग्रॅमचा आहे, म्हणजे क्वार्टरच्या (पाव डॉलरच्या) नाण्याच्या निम्म्याएवढा. पॅकमध्ये चालून जातं. डिस्ट्रिक्टला मात्र प्रत्येक पॅकचे पहिले आलेलेच येतात आणि निकाल हजारांश सेकंदावर लागतो. तिथे एकाला २.८ ग्रॅम जास्तीचे मिळाले आणि दुसऱ्याला नाही, हे बरं नाही.

पण दोन दशांशाचा काटा आणला म्हणजे आपोआप न्याय झाला, असंही नाही. बारीक काटे बारीक कारणांनी चुकतात. चार गोष्टी हमखास नडतात:

काट्याची ताटली लहान असते आणि गाडी सात इंच लांब. चाकं ताटलीच्या कडेवर किंवा बाहेरच्या प्लॅस्टिकवर टेकली की तेवढं वजन कमी दिसतं. ताटलीवर एखादं छोटं झाकण उपडं ठेवा, शून्य करा आणि गाडीचं पोट त्यावर टेकवा. चाकं चारही बाजूंनी अधांतरी राहिली पाहिजेत.

दुसरं, थंडी. रात्रभर मोटारीच्या डिकीत राहिलेला काटा आणून लगेच चालू केला तर आकडा सरकत राहतो. तासभर हॉलमध्येच चालू ठेवा आणि बॅटऱ्या नव्या घाला.

तिसरं, हीटरची झोत सोडणारी जाळी. आपल्या हॉलमध्ये ती नेमकी नेहमीच्या टेबलाच्या डोक्यावर आहे. टेबल हलवा.

चौथं फार कमी लोकांना माहीत असतं. बरेच काटे आकडा स्थिर झाला की तो धरून ठेवतात. गाडी वर असतानाच टंगस्टन पुट्टीचे (वजन वाढवायच्या जड, मऊ लगद्याचे) कण एकेक करून लावत गेलं तर आकडा हलतच नाही, आणि उचलून परत ठेवल्यावर एकदम ५.०४ दिसतं. मूल रडकुंडीला येतं ते इथे. दर बदलानंतर गाडी उचला, शून्य पाहा, परत ठेवा.

तात्या

---

प्रेषक: ताई (वेबलोस डेन, पॅकमधला एक गट)
उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

तात्यांचं सगळं मान्य, पण माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या डेनच्या दोन गाड्या पॅकच्या शर्यतीनंतर खोक्यात सीलबंद आहेत. वजनं आत चिकटवून वरून रंग दिलाय. ५.०३ आलं तर ते काढायचं कुठून? टेबलावर ड्रिल घेऊन बसणारे मोठे लोक आणि बाजूला उभं मूल, हे चित्र मला नको आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचच्या कब पॅकमध्ये डॉन मर्फी यांनी ही शर्यत सुरू केली, ती त्यांचा मुलगा सोप बॉक्स डर्बीसाठी (मुलांनी आत बसून उतारावर सोडायच्या बिनइंजिन गाड्यांच्या शर्यतीसाठी) लहान पडत होता म्हणून. मुलाने आणि पालकाने मिळून करायची गोष्ट आहे ही. शेवटच्या तासात ती मुलाच्या हातून जाऊ नये.

शिवाय हल्ली घराघरात हीटर चालू आहेत. लाकूड सुकतं. शुक्रवारी ५.०० भरलेली गाडी हॉलमध्ये रात्रभर राहिली तर शनिवारी तेवढीच भरेल का?

ताई

---

प्रेषक: तात्या
उत्तर: उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी. नाही भरणार. कोरून झालेल्या गाडीत लाकूड साधारण दोन औंस राहतं, बाकी चाकं, खिळे (चाकांचे आस) आणि भरलेलं वजन. लाकडाने एक टक्का जरी ओल धरली तरी ०.०२ औंस वाढतात. रंग सगळीकडून नीट लागला असेल तर ओल सावकाश शिरते. खालची बाजू पुष्कळदा कोरीच राहते, ओल तिथून आत जाते. म्हणून नियम एकच हवा: शुक्रवारी एकदा पास झाली की झाली, शनिवारी पुन्हा वजन नाही. गाडी टेबलावरून थेट बंद खोलीत.

काढायचं कुठून? खालून, मागच्या चाकांच्या पुढच्या भागातलं लाकूड. भरलेल्या वजनाला हात लावू नका, ते मागे असण्यातच फायदा आहे. आधी गाडी एका पट्टीच्या कडेवर आडवी तोलून पाहा. तोल मागच्या अक्षाच्या पुढे एक इंचाच्या आसपास साधत असेल तर पुढचं थोडं लाकूड गेल्याने काही बिघडत नाही. तोल आधीच पाऊण इंचाच्या आत असेल तर आणखी पुढचं काढू नका. नाक हलकं होतं, गाडी उतारावर डुगडुगते आणि लेनच्या मधल्या पट्टीला घासत जाते. अशा वेळी मागून काढा.

छिद्र पाडण्याआधी चारही चाकांवर चिकटपट्टी लावा. भुसा चाकाच्या भोकात गेला की ग्रॅफाइटचा (चाकं सहज फिरावीत म्हणून घालायच्या कोरड्या पुडीचा) सगळा फायदा संपला. ०.०३ औंस म्हणजे एक ग्रॅमहून कमी. पण पाइन हलकं लाकूड आहे, पाव इंची ड्रिलची अर्धा इंच खोल अशी पाचेक भोकं लागतात.

ज्यांच्या गाड्या अजून उघड्या आहेत त्यांनी घरी ४.९ वर थांबावं आणि पोटात वाटाण्याएवढी पोकळी ठेवावी. टेबलावर मूल स्वतः पुट्टी दाबेल आणि वर पट्टी चिकटवेल. पुट्टी पोटाखाली फुगू देऊ नका, ट्रॅकपासून ३/८ इंच अंतर तपासलं जातंच. शिसं वापरलं असेल तर मुलाला हात धुवायला लावा. टंगस्टन शिशाच्या जवळपास पावणेदोनपट दाट आहे, तेवढ्याच जागेत जास्त बसतं आणि हाताळायलाही बरं.

आणि एक सांगतो, ०.०३ औंसाने वेळेत फार तर एखाद-दोन हजारांश सेकंदांचा फरक पडतो. खिळ्याच्या डोक्याखाली साच्याची जी बारीक धार राहते, ती त्याहून कितीतरी जास्त खाते. ती कानशीने काढली, मग ४००, ६००, १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवला, तर वजनापेक्षा जास्त मिळेल.

तात्या

---

प्रेषक: बापू (ट्रॅक)
उत्तर: उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

काट्यावर एवढी चर्चा चालू आहे, फिनिश लाइनकडे कुणी बघतंय का? मागच्या वेळी तिसऱ्या लेनने तीन वेळा वेळच दिली नाही.

सेन्सर ट्रॅकमध्ये खाली, दिवा वर कमानीत. गाडीची सावली पडली की घड्याळ थांबतं. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन सरळ तिसऱ्या लेनवर येतं आणि सावली पडली तरी सेन्सरला उजेड मिळत राहतो. खिडकीला जाड काळा कागद लावावा लागेल, पडदा पुरत नाही. कमानीला दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचे पंख लावले तर आणखी बरं.

दुसरं, कमानीतले जुने बल्ब कुणीतरी चांगल्या हेतूने बदलून एलईडी लावलेत. आपले सेन्सर इन्फ्रारेडवर चालतात आणि घरगुती एलईडीत ते जवळजवळ नसतं. सेन्सरला वाटतं लेन कायम झाकलेली आहे, म्हणून ती शर्यतीला तयारच होत नाही. जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब परत लावा. कुणाच्या तळघरात असतील तर कळवा.

सांधे मी स्वतः जुळवणार आहे. बेचाळीस फुटी अ‍ॅल्युमिनियम ट्रॅक आहे. प्रत्येक सांध्यावरून नख फिरवायचं, अडकलं की तो सांधा सोडून पुन्हा. कृपया मी येईपर्यंत कुणी बोल्ट आवळू नयेत.

बापू

---

प्रेषक: अण्णा (हॉल)
उत्तर: उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

हॉलबद्दल. लाकडी फरशी नुकतीच पॉलिश झाली आहे आणि शनिवारी सकाळी बाजूच्या दोन खोल्यांत मराठी शाळा भरते. ग्रॅफाइट आत आणायचं नाही, असा ठराव कार्यकारिणीने करावा असं माझं मत आहे. मागच्या वेळी काळे पाऊलठसे थेट वर्गापर्यंत गेले होते. बंद खोली म्हणून शाळेची खोली कुणी धरली असेल तर ती मिळणार नाही.

अण्णा

---

प्रेषक: बापू
उत्तर: उत्तर: उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

अण्णा, ग्रॅफाइट बंद केलं तर चाकं कोरडी फिरणार, तेल तर नियमातच बसत नाही. बंदी नको, जागा ठरवू. बाहेरच्या व्हरांड्यात एक टेबल, त्यावर कडा असलेला ट्रे, आणि ग्रॅफाइट तिथेच. चाकाच्या भोकात चिमूटभर घालायचं, चाक वीसेकदा फिरवायचं, जास्तीचं ट्रेमध्ये झटकायचं. नोंदणी झाल्यावर कुणी पुन्हा लावायचं नाही, म्हणजे हॉलमध्ये ग्रॅफाइटची नळी येण्याचं कारणच उरत नाही. फिनिशनंतर गाड्या थांबतात तिथे खाली जुनी चादर.

तरी सांडलंच तर ओलं फडकं आधी फिरवू नका, ते पसरतं आणि लाकडाच्या रेषांत बसतं. आधी बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम, मग किंचित साबणाचं फडकं. आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून टायमरची पेटी आणि एक्स्टेंशन बोर्ड यांच्याजवळ नळी नकोच.

बापू

---

प्रेषक: नाना
उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

तात्यांचा मुद्दा पटतो. पण वजन टेबल इतकी वर्षं आमच्याकडे आहे आणि तिथे वाद झाला की समोरचा पालक माझ्याकडेच बघतो. दोन दशांशाचा काटा खरा आहे, हे मी त्याला कशाने दाखवायचं? डिस्ट्रिक्टचा काटा ५.०२ म्हणतो आणि पालकाच्या घरचा ४.९९. दोघंही अडून बसतात. प्रमाणित वजन डिस्ट्रिक्टकडे नाही, मी विचारलं.

नाना

---

प्रेषक: तात्या
उत्तर: उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

नाना, प्रमाणित वजन बँकेत मिळतं. क्वार्टरचं वजन टाकसाळीच्या मापाने ५.६७० ग्रॅम. पंचवीस क्वार्टर म्हणजे १४१.७५ ग्रॅम, आणि पाच औंसही १४१.७५ ग्रॅमच. बँकेतून नव्या नाण्यांचा रोल घ्या, चाळीस असतात, त्यातली पंचवीस मोजून पातळ पिशवीत घाला आणि पिशवी वेगळी शून्य करा. जुनी झिजलेली नाणी नकोत. एकेका नाण्यात थोडा फरक असतोच, पण पंचविसांत तो बराच भरून निघतो. उरलेल्या पंधरांतून आलटून पालटून दोन-तीन वेगळे गट करून पाहा. सगळे ५.०० च्या आसपास आले की काटा ठीक.

पालक आला की त्याच्याच समोर नाणी ठेवा, मग गाडी ठेवा. घरच्या काट्याचा आकडा विचारायची गरज उरत नाही. नाणी ५.०१ दाखवत असतील तर सगळ्यांनाच ५.०१ पर्यंत मुभा, आणि तसं टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

तात्या

---

प्रेषक: वहिनी (कबमास्टर, पॅकप्रमुख)
उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

डिस्ट्रिक्टच्या डर्बी चेअरशी आत्ताच फोनवर बोलणं झालं. ठरलं ते असं.

काटा दोन दशांशाचा, पण मर्यादा ५.०४ पर्यंत धरली जाईल. एक दशांशाच्या काट्यावर ५.० दाखवून पास झालेल्या गाड्या जवळजवळ सगळ्या त्यात बसतात, म्हणून ताईंच्या सीलबंद गाड्या उघडायची वेळ बहुधा येणार नाही. हे सगळ्या पॅकना आज लेखी जातंय, फक्त आपल्याला सवलत असं होता कामा नये. नाण्यांची पिशवी टेबलावर राहील. वजन टेबल नानांकडेच, सोबत दुसऱ्या पॅकचं एक माणूस, म्हणजे आपल्याच हॉलात आपलाच काटा अशी कुरकूर नको.

वजन शुक्रवारी संध्याकाळी सहा ते साडेआठ. पास झाल्यावर पुन्हा वजन नाही, ग्रॅफाइटही नाही. लांबी सात इंच, रुंदी २ ३/४, खालचं अंतर ३/८, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर किमान १ ३/४, हे सगळं लाकडी खोक्याच्या साच्यात एकाच वेळी तपासू. साच्यात अडकली की मूल घासून आणू शकेल, त्यासाठी पॉलिश पेपर आणि छोटी कानस टेबलाखाली ठेवते. ड्रिल फक्त व्हरांड्यात आणि मोठ्यांच्याच हाती, पण भोक कुठे पाडायचं ते मुलाने पेन्सिलीने दाखवायचं.

अण्णा, शाळेची खोली घेत नाही. स्टेजमागची कोठी चालेल, दोन किल्ल्या, एक तुमच्याकडे आणि एक डिस्ट्रिक्टकडे. ग्रॅफाइट व्हरांड्यातच, बापूंनी सांगितलं तसं.

सहा लेन, छत्तीस गाड्या. प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर एकदा, सर्वात वाईट वेळ सोडून बाकीच्यांची बेरीज. म्हणजे छत्तीस फेऱ्या, दोन मिनिटांला एक धरली तरी सव्वा तास. शनिवारी दिवसभर थांबतील अशा दोन एकवीस वर्षांवरच्या नोंदणीकृत लीडरांची नावं मला बुधवारपर्यंत हवीत. दोन असल्याशिवाय दार उघडणार नाही.

वहिनी

---

प्रेषक: ताई
उत्तर: उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

५.०४ चं ऐकून बरं वाटलं. शनिवारी मी दिवसभर आहे, माझं नाव लिहा. बापू, तारेचे बल्ब आमच्या तळघरात चार आहेत, साठ वॉटचे. पुरतील ना?

---

प्रेषक: बापू
उत्तर: उत्तर: उत्तर: डिस्ट्रिक्ट डर्बीचा काटा

कमानीत सहा लागतात, लेनला एक. साठ वॉट चालतील, पण सहाही एकाच वॉटचे हवेत, नाहीतर कडेच्या लेन अंधुक पडतात. अजून दोन कुणाकडे?