मुलगी जज्जाच्या निवडणुकीला उभी राहायचं म्हणते. फिलाडेल्फियाच्या जाणकारांनी सांगावं

निवृत्त_शिरस्तेदार

नमस्कार मंडळी. सातारा जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होऊन मला ९ वर्षं झाली. गेली ३ वर्षं मी आणि सौ. फिलाडेल्फियात मुलीकडे असतो. मुलगी इथं वकील आहे. आधी ७ वर्षं गरीब आरोपींची वकिली केली, आता ४ वर्षं स्वतःचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे न्हाव्याच्या दुकानावरची एक खोली, पण अशिलं टिकून आहेत.

परवा जेवताना म्हणाली, "बाबा, मी जज्ज व्हायला उभी राहतेय." मी विचारलं, परीक्षा कधी आहे? तर म्हणे परीक्षा नाही, निवडणूक. मला वाटलं बार असोसिएशनची. नाही हो, सरळ लोकांची! पत्रकं, दारोदार, सगळं.

मी ३१ वर्षं साहेब लोक जवळून पाहिले. एक साहेब बदलून आले की पहिल्याच दिवशी पट्टेवाल्याला बजावायचे, मंडईत मी येणार नाही, तिथं पक्षकार भेटतात. दुसरे एक साहेब गावातल्या एकाही लग्नाला गेले नाहीत. माझ्या नातवाच्या बारशाचा पेढा मी चेंबरमध्ये नेला, तर अर्धा मोडून घेतला आणि अर्धा परत दिला. आता माझी मुलगी हात जोडत फिरणार. ज्याचा खटला उद्या तिच्यापुढे येईल त्याच्याकडेच आज मत मागणार? यासाठी पैसा कोण देतं? आणि हिला हे जमेल का? सौ. म्हणते, "तिला नाही म्हणून दाखवा, मग बघू." म्हणून इथं विचारतोय.

फिलीची_माळीण

काका, मी इथं वकील आहे आणि याच निवडणुकीत एकदा पडलेली आहे. त्यामुळे मोकळेपणानं सांगते.

पात्रता एका ओळीत संपते. पेनसिल्व्हेनियाच्या बारची सदस्य हवी आणि निवडणुकीआधी वर्षभर त्या जिल्ह्यात राहिलेली हवी. अमुक वर्षं वकिली हवी अशी अटच नाही. इथलं कॉमन प्लीज कोर्ट म्हणजे तुमचं जिल्हा व सत्र न्यायालय धरा. मुदत १० वर्षं. निवडणूक विषम सालात. शहर एका पक्षाचं, म्हणून नोव्हेंबरचं मतदान नावापुरतं. खरा निकाल मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी, पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात.

पण त्याच्या आधी सह्या. फिलाडेल्फियात १,००० हव्यात, आणि त्या गोळा करायला ३ आठवडे मिळतात, तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये. मी मेट्रोच्या स्टेशनबाहेर उभी राहायचे. पेनातली शाई गोठायची म्हणून पेनं काखेत धरून ठेवायचे, कुणी थांबलं की ऊबदार पेन पुढे करायचे. सही करणारा त्याच पक्षाचा नोंदणीकृत मतदार हवा, शहरातला हवा, सही स्वतःच्या हातची हवी, नाव-पत्ता-तारीख पूर्ण हवी. जज्जाच्या निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेरीत उभं राहता येतं आणि बरेच जण राहतात, मग दुसऱ्या पक्षासाठी कागद वेगळे, सह्या वेगळ्या. १,००० वर कुणी थांबत नाही. दुप्पट गोळा करतात, कारण कागद दाखल झाल्यावर ७ दिवसांत विरोधक आक्षेप घेऊ शकतो आणि मग एकेक ओळ तपासून सह्या बाद करतात.

पुढचा भाग ऐकून तुम्ही हसाल. मतपत्रिकेवर कोण कुठे, हे एका कॉफीच्या डब्यातून ठरतं. खरा डबा, हॉर्न अँड हार्डार्टचा. ही इथल्या जुन्या उपाहारगृहांची कंपनी, केव्हाच बंद झाली, डबा राहिला. त्यात आकडे घातलेले असतात, प्रत्येक उमेदवार हात घालतो. २५-३० अनोळखी नावांची यादी बघून मतदार कंटाळतो आणि पहिल्या स्तंभातल्या वरच्या नावांवर खुणा करून मोकळा होतो. पहिल्या स्तंभात असणं म्हणजे बरीच जास्त मतं. ११ वर्षांची वकिली एका बाजूला आणि हा डबा दुसऱ्या बाजूला! माझा हात शेवटच्या स्तंभात गेला. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आता उरलंय ते शोभेपुरतं.

अगदी शोभेपुरतं नव्हतं, ते खाली सांगते.

पुणेरी_वकील

काका, तुमची धास्ती रास्त आहे. आपल्याकडे निदान पेपर तरी तपासतात. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराला लेखी, तोंडी, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ३ वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला ७ वर्षं वकिली. घटनेतच आहे, कलम २३३. तिकडे म्हणजे डब्यात हात घाला आणि जज्ज व्हा! मतं मागणारा माणूस लोकांना न आवडणारा निकाल देईल का, हा खरा मुद्दा आहे.

फिलीची_माळीण

वकीलसाहेब, मुद्दा खरा आहे, फक्त एक बाजू राहिली. १० वर्षांनी त्याच जज्जाविरुद्ध पुन्हा उमेदवार उभा राहत नाही. मतदार फक्त "ठेवायचं की नाही" एवढं सांगतो, आणि बहुतेकदा ठेवतोच. त्यामुळे दर निकालाला मताची भीती, असं मी तरी पाहिलं नाही. भीती असते ती पहिल्या वेळी, आणि ती मतदाराची नाही, वॉर्डाची.

काका, आता त्या वॉर्डाचं. शहरात ६६ वॉर्ड आणि सुमारे १,७०० डिव्हिजन (वॉर्डाचे लहान भाग), दर डिव्हिजनला पक्षाचे दोन कार्यकर्ते. मतदानाच्या दिवशी तेच केंद्राबाहेर उभे राहून नमुना मतपत्रिका वाटतात, आणि ज्याचं नाव तीवर छापलेलं असतं त्याला डब्याचा फटका थोडा तरी चुकवता येतो. म्हणून उमेदवार जानेवारीपासून वॉर्डाच्या बैठकांना जातात. दारूच्या बारच्या वरच्या मजल्यावर, चर्चच्या तळघरात, दोन-दोन मिनिटं बोलायला मिळतात. एका वॉर्डाच्या पुढाऱ्यानं मला कायद्यावर एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं, मतदानाच्या दिवशीच्या खर्चाला किती देणार? मी पर्स बंद केली आणि जिन्यावरून खाली आले. त्या वॉर्डात मला किती मतं पडली ते सांगत नाही.

पैशाचा नियम मात्र तुमच्या पेढेवाल्या साहेबांना आवडेल. उमेदवारानं स्वतःच्या तोंडानं देणगी मागायची नाही. समिती असते, ती मागते. फ्लोरिडातल्या अशाच बंदीला २०१५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरलं. आणि पश्चिम व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं एका जज्जाच्या निवडणुकीत सुमारे ३० लाख डॉलर ओतले, नंतर त्याच कंपनीचा दावा त्या जज्जापुढे आला, त्यांनी बाजूला व्हायला नकार दिला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बाजूला व्हायलाच हवं होतं. निकाल ५ विरुद्ध ४. चार जण त्यालाही सहमत नव्हते, हे लक्षात ठेवा.

परीक्षेसारखं काही हवंच असेल तर शहराच्या बार असोसिएशनची समिती आहे. ती तुमच्या विरुद्ध लढलेल्या वकिलांना, ज्यांच्यापुढे उभ्या राहिलात त्या जज्जांना फोन करते, मुलाखत घेते, आणि शिफारस करते किंवा करत नाही. पडले तरी ती शिफारस माझ्याजवळ आहे. माझ्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या एका सरकारी वकिलानं माझ्याबद्दल बरं सांगितलं, हे मला नंतर कळलं. मे महिन्यात मिळालेली एवढीच एक चांगली गोष्ट.

ह्यूस्टनवाला

टेक्सासची भर घालतो. इथं जिल्हा न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर ४ वर्षांसाठी. आधी ४ वर्षांची वकिली पुरायची, २०२१ च्या घटनादुरुस्तीनं ती ८ केली. २०२० च्या आधी एका बटणात पूर्ण पक्षाला मत देता यायचं. २०१८ ला हॅरिस कौंटीत (ह्यूस्टनचा जिल्हा) त्या लाटेत चांगले-वाईट सगळे एकाच पक्षाचे जज्ज धुऊन गेले.

आणि काका, तुमच्या मुलीला सांगा: इथून जवळच फोर्ट बेंड कौंटीत २०२२ साली सुरेंद्रन पट्टेल निवडून आले. केरळमधल्या कासरगोडचे, लहानपणी विड्या वळलेले, तिकडेच वकिली केलेले, २००७ मध्ये अमेरिकेत आलेले. म्हणजे आडनाव उच्चारता येत नाही म्हणून कुणी पडतं असं नाही. (आमच्याकडे "कौंटी जज" म्हणतात तो मात्र जज्ज नव्हे, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष समजा. माझी आई अजून घोटाळा करते.)

एडिसनकर

मुलीला म्हणावं नदी ओलांडून इकडे ये! न्यू जर्सीत जज्जाची निवडणूकच नाही. राज्यपाल नेमतात, सिनेट मंजुरी देते, ७ वर्षांनी पुन्हा नेमलं की ७० पर्यंत कायम. डबा नाही, वॉर्ड नाही.

फिलीची_माळीण

आणि राज्यपालापर्यंत नाव पोचवायला कुणाच्या ओळखी लागतात, तेही लिहा की. 😀

निवृत्त_शिरस्तेदार

सगळ्यांचे आभार. माळीणताई, तुमचे प्रतिसाद मी सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवले. डब्याशी आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीला चिठ्ठी काढतात तसंच."

काल मुलीबरोबर एका वॉर्डाच्या बैठकीला गेलो. मागच्या खुर्चीवर बसलो. अकरा जण बोलायला आले होते. एकानं स्वतःच्या गावच्या बेसबॉलबद्दलच दोन मिनिटं घालवली. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, माझे वडील कोर्टात कारकून होते, आमच्या घरी तारीख हा शब्द रोज यायचा, आणि तारीख पडल्यावर माणूस घरी जाऊन काय करतो ते मी लहानपणापासून ऐकलंय. कारकून नव्हतो, शिरस्तेदार होतो, पण ते असो. एका म्हातारीनं तिला थांबवून विचारलं, माझ्या नातवाच्या खटल्यात चार वेळा तारीख दिली, तू देशील का? ही म्हणाली, पाचवी लागली तर का लागली ते मी त्याला खुल्या कोर्टात सांगेन. म्हातारी हसली नाही, पण वहीत नाव लिहून घेतलं.

आमचे साहेब मंडईत जात नसत ते बरोबरच होतं, अजूनही तेच म्हणतो. पण त्या म्हातारीनं त्यांना हा प्रश्न कुठं विचारला असता?

आता व्यवहाराचं विचारतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मत नाही, त्यामुळे सहीही नाही. मग माझा काही उपयोग आहे का, की फक्त थर्मास धरून उभं राहायचं?

फिलीची_माळीण

काका, थर्मास लागेलच. पण तुम्ही शिरस्तेदार होतात ना? आमच्या वेळी सह्यांचे कागद तपासायला धड माणूस नव्हता. पत्ता अर्धवट, तारीख सुटलेली, घरातल्या सगळ्यांच्या सह्या एकाच हस्ताक्षरात, टोपणनाव लिहिलेलं. आणखी एक गंमत: जितक्या जागा तितक्याच उमेदवारांना मतदार सही देऊ शकतो. त्याहून जास्त जणांना दिली की नंतरच्या बाद, म्हणून कुणी कधी सही केली ते महत्त्वाचं. माझ्या जवळजवळ ३०० सह्या गेल्या. दाखल व्हायच्या आधी कुणी बघितलं असतं तर वाचल्या असत्या. काम कंटाळवाणं आहे.

निवृत्त_शिरस्तेदार

ताई, ऑफिस ऑब्जेक्शन, म्हणजे दाखल कागदांतल्या चुका, काढण्यात साताऱ्यात माझा हात कुणी धरत नसे. वकील मंडळी मला शिव्या द्यायची. मुलीला आत्ताच सांगितलं, रोज संध्याकाळी कागद माझ्या टेबलावर आले पाहिजेत, सुटे नकोत, टाचलेले. ती म्हणाली, बाबा, इथं लाल पेन्सिल मिळत नाही. मी येताना सहा आणल्या होत्या.