‘जीवनप्रवास’ हा विषय कविसंमेलनांतून काही वर्षे बाद करावा काय?

चर्चाप्रस्ताव : शहापूर, बेळगाव

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी या गावांनी मराठी साहित्य संमेलने नेटाने चालवली आहेत आणि त्याबद्दल मला मनापासून अभिमान आहे. तरीही तिथल्या कविसंमेलनात बसल्यावर एक गोष्ट हमखास खटकते. दहांतल्या सात-आठ कवितांत आयुष्य म्हणजे वाट असते, दुःख म्हणजे वळण असते आणि शेवटच्या कडव्यात क्षितिज ठेवलेलेच असते. या रूपकाची सोय अशी, की एकदा ‘वाट’ म्हटले की चालणारा कोण, निघाला कुठून, त्याच्या पायात पायताण होते की नव्हते, यांपैकी काहीही कवीला सांगावे लागत नाही. सगळ्यांची आयुष्ये एकाच साच्यातून निघतात आणि टाळ्याही सारख्याच पडतात.

आपल्याच भागातले पुरावे पाहा. इंदिरा संतांचे पती १९४६ साली गेले, त्या पुढे बेळगावातच राहिल्या आणि त्यांच्या कवितेचे बळ घर, अंगण, पाऊस आणि वाट पाहणे यांत आहे. वाट चालण्यात नाही. खानदेशातल्या बहिणाबाईंनी तर जगण्या-मरण्यातले अंतर एका श्वासाने मोजले. माझे म्हणणे एवढेच, की आयोजकांनी पाच वर्षे हा विषय बाद करावा आणि कवींना आयुष्यातला एक दिवस लिहायला सांगावे.

उत्तर : खानापूर

सर, आपला वैताग समजतो, पण उपाय पटत नाही. वाईट कवितेचा दोष आपण विषयाच्या माथी मारत आहात. ‘आई’ या विषयावरही ढिगाने सुमार कविता होतात, म्हणून आईवर बंदी घालायची काय?

शिवाय प्रवास हे रूपक आपल्याकडे पुस्तकांतून आलेले नाही. आमच्या गावातून दिंडी पायी पंढरपूरला जाते. वारकरी तिथे राहायला जात नाही; कळसाचे दर्शन झाले तरी परततो, पेरणी-कापणी उरकतो आणि पुढच्या वर्षी त्याच रस्त्याला लागतो. जन्मापासून मरणापर्यंत सरळ ओढलेली रेघ आणि हे नेमाचे जाणे-येणे, या आयुष्याविषयीच्या दोन निराळ्या कल्पना आहेत. दुसरी कल्पना नव्या कवितेत फारशी उतरलेली नाही, म्हणजे विषय संपलेला नसून तो नीट हाताळलाच गेलेला नाही.

आणि जी. ए. कुलकर्णींना आपण सोयीस्करपणे वगळलेत. बेळगावात शिकलेला आणि धारवाडात आयुष्य काढलेला हा लेखक १९७५ च्या ‘रमलखुणा’त दोनच दीर्घकथा देतो आणि त्यांतल्या एकीचे नावच ‘प्रवासी’ आहे. ‘यात्रिक’ या दुसऱ्या कथेत ते सर्व्हांतेसच्या कादंबरीतल्या डॉन किहोटेला रस्त्यावर आणतात. आपल्या नियमाप्रमाणे या कथा बाद ठरतील.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

मॅडम, जी. एं.चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ‘पिंगळावेळ’ या संग्रहातली ‘स्वामी’ ही कथा आठवा. परक्या गावात आलेला एक वाटसरू मठात नेला जातो आणि तिथल्या बंद खोलीत त्याला कायमचे स्वामी करून ठेवले जाते. प्रवास थांबतो तिथून खरी कथा सुरू होते, कारण पुढे जाता येत नसलेल्या माणसाला मग स्वतःकडे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. वारीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्यावर मी अजून विचार करतो आहे.

उत्तर : निपाणी

दोघांचेही वाचले. आमच्या गावात विड्या वळणाऱ्या बायकांची एक पिढी मी जवळून पाहिली आहे. मांडीवर सूप, भिजवलेली पाने, कात्री, दोरा, आणि संध्याकाळी कारखान्यात हिशेब. त्यात नापसंत विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडल्या, की त्यांची मजुरी बुडाली. या बाईच्या आयुष्याला ‘प्रवास’ म्हणणे मला जवळजवळ उद्धटपणाचे वाटते. तिचे आयुष्य मोजणीत गेले. कथाकाराने तिला वळण आणि पडाव द्यायला घेतले, तर तो तिच्यापेक्षा आपल्या शैलीचीच काळजी करतो आहे असे समजावे.

पण बंदीलाही माझा विरोध आहे, आणि कारण इथलेच आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा आमचे आजोबा उंबरा न ओलांडता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ साली राज्याचे नाव बदलले तेव्हा त्याच खाटेवर बसून कर्नाटकात पोहोचले. माणूस जागचा हलला नाही आणि त्याच्या भोवतीची फलके, अर्ज, दाखले एवढे बदलत गेले. हा प्रवास नाही, तर दुसरे काय आहे? सीमाप्रश्नावर आपण भाषणे आणि घोषणा भरपूर लिहिल्या. या बसल्या जागच्या स्थलांतरावरच्या चांगल्या कथा मात्र मला बोटांवर मोजण्याइतक्याही आठवत नाहीत.

उत्तर : खानापूर

निपाणीकरांचे आजोबा ज्या कथेत येतील, ती कथा सरांच्या नियमात बसते की नाही, हे आता सरांनीच सांगावे. माझ्या मते ती प्रवासाचीच कथा आहे, आणि एका दिवसाचीही होऊ शकेल : तलाठ्याकडे उतारा मागायला गेलेला म्हातारा आणि हाती पडलेला, त्याला वाचता न येणारा कन्नड कागद.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

बसते. मात्र तो कागद त्याला कोण वाचून दाखवतो, हे कथेत आले पाहिजे, आणि शेवटी क्षितिज आले तर मी सभागृहातून उठून जाईन.