हलशीचे ताम्रपट, कित्तूरचे दत्तक आणि कोल्हापूरचे वेदोक्त: धर्म, सत्ता आणि अर्थकारण यांत मूळ कोणते?

मलप्रभाकाठ (खानापूर), प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात मुलांना घेऊन हलशीला गेले होते. भूवराह नरसिंहाचे देऊळ पाहून झाल्यावर आम्ही तिथल्या जैन बस्तीपाशी (जैन मंदिरापाशी) थांबलो, तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, इथल्या राजांचा धर्म नेमका कोणता होता? आणि एवढ्या सगळ्यांना देण्यासाठी त्यांच्याकडे पैसा कुठून यायचा?" पाठ्यपुस्तकात धार्मिक, राजकीय आणि आर्थिक परिस्थिती अशी तीन शीर्षके स्वतंत्र असतात आणि मीही आजवर ती तशीच शिकवत आले, पण तिच्या प्रश्नाला त्यांपैकी एकाही शीर्षकाखाली उत्तर सापडले नाही. समाज घडवण्यात या तिघांपैकी मूळ प्रेरणा कोणती मानावी? शक्यतो आपल्या भागातीलच उदाहरणे द्यावीत, म्हणजे ती मला वर्गात वापरता येतील.

वेणुग्राम (बेळगाव)

बाई, आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न शिलालेखांच्या अभ्यासकाला शोभेल असा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हलशी म्हणजे जुने पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. कदंब स्वतःला मानव्य गोत्राचे म्हणवीत आणि वैदिक परंपरेचा अभिमान बाळगीत. तरीही हलशीला सापडलेल्या त्यांच्या ताम्रपटांत जैन संघांना दिलेली दाने मोठ्या संख्येने आढळतात. मृगेशवर्म्याने पलाशिकेत जिनालय बांधून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या तिन्ही पंथांना जमीन दिली. त्याचा मुलगा रविवर्मा याच्या काळातील ताम्रपट मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एका गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत यापनीय साधूंच्या भोजनाची सोय व्हावी, अशी आज्ञा त्यात आहे.

या चार महिन्यांकडे मुलांचे लक्ष वेधावे. पावसाळ्यात जीवजंतूंची हिंसा टाळण्यासाठी जैन साधू प्रवास करीत नाहीत. हा निखळ धार्मिक नियम आहे, पण साधू चार महिने एका ठिकाणी राहिले की त्यांच्या अन्नाची जबाबदारी कोणावर तरी येते, आणि ती राजाने गावाच्या महसुलावर टाकली. खानापूरच्या पावसात ते चार महिने कसे जात असतील, हे आपल्या मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही. धर्माचा नियम, राजाची आज्ञा आणि शेतकऱ्याचे धान्य असे तिन्ही धागे एकाच पत्र्यावर गुंफलेले दिसतात. त्यांपैकी एक ओढून काढला, तर ताम्रपटाला अर्थच उरत नाही.

आमच्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचीही हकीकत अशीच आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती 1204 साली बांधली. त्या वेळच्या लेखांत राजाने दिलेल्या जमिनीबरोबर व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतः लावून घेतलेल्या देण्यांचीही नोंद आहे. माझ्या मते त्यांनी हे केवळ पुण्यासाठी केले नव्हते आणि केवळ हिशेबासाठीही केले नव्हते. देवाच्या साक्षीने दिलेला शब्द बाजारात विश्वासाला धरला जाई, आणि परगावच्या व्यापाऱ्याला त्या विश्वासाची सर्वांत जास्त गरज असे. आपण मात्र किल्ल्यातून जाताना बस्तीच्या छतातील कमळ तेवढे पाहतो आणि पुढे निघतो, याची मला नेहमी खंत वाटते.

म्हणून आपल्या मुलीला सांगावे, की राजाचा धर्म कोणता हे विचारण्याआधी देवळातील दिव्याच्या तेलाचे पैसे कोणत्या शेतातून येत होते, हे शोधायला घ्यावे.

बैलहोंगल रस्ता

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात कित्तूरचे उदाहरण जोडतो, कारण ते मुलांना आधीच ठाऊक असते, पण अर्धेच ठाऊक असते.

दत्तक घेणे हा कुळाचा धार्मिक आणि कौटुंबिक अधिकार होता. 1824 साली कित्तूरचे राजे शिवलिंगरुद्र सर्जा वारले आणि दत्तक पुत्र गादीवर बसवण्यात आला, तेव्हा धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने ते दत्तक मानण्यास नकार दिला आणि खजिन्याला कुलूप लावले. 23 ऑक्टोबरच्या लढाईत थॅकरे मारला गेला, पण डिसेंबरमध्ये किल्ला पडला आणि राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैद झाल्या. दत्तकविधान नाकारले गेले ते धर्मशास्त्राच्या वादातून नव्हे. वारस अमान्य झाला की संस्थानाचा महसूल सरकारजमा होतो, हे त्यामागचे गणित होते. पुढे संगोळ्ळी रायण्णाचा उठाव झाला, त्यामागेही जप्त झालेली जमीन आणि वाढवलेला सारा होता. त्याला 1831 साली नंदगडजवळ फाशी देण्यात आले, ते ठिकाण आपल्याच तालुक्यात आहे.

1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिण मराठा प्रदेशातील पिढीजात इनामांच्या सनदा तपासल्या जाऊ लागल्या. ज्यांच्याकडे कागद नव्हते, त्यांच्या हातून जमिनी गेल्या. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांना दत्तकाची परवानगी नाकारली गेली, तेव्हा श्राद्ध कोण करणार हा धर्माचा प्रश्न आणि गादी कोणाची हा सत्तेचा प्रश्न एकच होऊन बसला. 1858 च्या उठावानंतर त्यांना बेळगावात फाशी झाली.

निपाणीकर

आमच्याकडे कोल्हापूरचे वारे जास्त, म्हणून वेदोक्ताचे उदाहरण देतो. छत्रपती शाहू महाराजांसाठी वेदोक्त म्हणजे वेदांतील मंत्र म्हणण्यास राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी, नकार दिला. वाद मंत्रांचा होता, पण त्याचा शेवट राजोपाध्यांचे वतन जप्त होण्यात झाला, आणि 26 जुलै 1902 रोजी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. मंत्राचा अधिकार, वतनाचे उत्पन्न आणि नोकरीची संधी ही एकाच कुलपाची कडी आहे, हे महाराजांनी अचूक ओळखले होते.

शरणमार्ग (अथणी)

वरील सर्व उत्तरे आदराने वाचली, परंतु एका गोष्टीवर मतभेद नोंदवणे मला आवश्यक वाटते. तिन्ही उत्तरांत शेवटी धर्म हा जमीन आणि महसूल यांच्या हिशेबात येऊन मिळतो. मग बाराव्या शतकात कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) जे घडले, त्याचा अर्थ कसा लावायचा? बसवेश्वर तिथल्या बिज्जळ राजाचे भांडारी होते, म्हणजे राज्याचा खजिनाच त्यांच्या हाती होता. तरीही चर्मकार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस यांच्या मुलांच्या विवाहाच्या पाठीशी ते उभे राहिले, आणि त्यात त्यांचा किंवा शरणांचा (त्यांच्या अनुयायांचा) कोणताही आर्थिक लाभ नव्हता. उलट परंपरा सांगते की शरणांना कल्याण सोडावे लागले आणि त्यांच्यातील काही जण आपल्याच मुलखातून उळवीकडे गेले. कायक (श्रम हीच पूजा) आणि दासोह (कमाईतून इतरांना देणे) या कल्पनांनी श्रम आणि कमाई यांचाच अर्थ बदलला. तिथे विचार आधी आला आणि अर्थकारणाला त्याच्यामागे चालावे लागले. आषाढीला आपल्या गावांतून निघणारी दिंडीसुद्धा ताम्रपटावर चालत नाही.

वेणुग्राम (बेळगाव)

आपला आक्षेप मला मान्य आहे. ताम्रपट ज्यांना काही मिळाले त्यांच्याविषयी बोलतात. ज्यांनी मिळालेले सोडले, त्यांच्या नोंदी शरणांच्या वचनांत (कन्नड पद्यांत) आणि अभंगांत शोधाव्या लागतात. माझ्या उत्तरात ही बाजू राहून गेली होती.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. सोमवारी मी फळ्यावर तीन शीर्षके लिहिणार नाही. रविवर्म्याची आज्ञा सोप्या मराठीत लिहून देईन आणि साधूंना जेवण कोण देत होते, हे मुलांनाच शोधायला सांगेन. अथणीच्या शरणमार्ग यांना एक विनंती आहे. हरळय्यांच्या प्रसंगाशी जोडलेले, नववीच्या मुलांना झेपेल असे एखादे वचन मराठी अर्थासह आपण इथे लिहाल का? माझ्या वर्गात कन्नड घरांतूनही चार मुले येतात, ती ते मूळ कन्नडमधून वाचून दाखवू शकतील.