बोर्ड हाताशी नसताना पीओई ड्रायव्हरचा रिव्ह्यू करावा का?

तांब्याची_तार: 'ज्याच्या टेबलावर बोर्ड नाही, त्याने पीओई ड्रायव्हरच्या पॅचवर तोंड उघडू नये' असे काल येथे कोणीतरी लिहिले. (पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणांना वीज देणे, ड्रायव्हर म्हणजे त्यासाठीची चिप चालवणारा कोड, पॅच म्हणजे त्या कोडमधला बदल आणि बोर्ड म्हणजे ती चिप बसवलेले प्रत्यक्ष हार्डवेअर.) उत्तर देणार नव्हतो, पण राहवले नाही. गेल्या वर्षी एका पीएसई कंट्रोलरचा, म्हणजे पोर्टांना वीज देणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर माझ्यासमोर आला तेव्हा माझ्याकडे केवळ डेटाशीट, म्हणजे चिपचे माहितीपत्रक, होते. पोर्टची वीज मोजताना लेखकाने मायक्रोव्होल्ट आणि मायक्रोअँपिअर यांचा गुणाकार साध्या ३२ बिटांच्या इंटमध्ये केला होता. ५४ व्होल्ट गुणिले २५० मिलिअँपिअर म्हणजे १३.५ वॅट, पण मायक्रोमध्ये तोच आकडा १३५ वर अकरा शून्ये एवढा होतो आणि ३२ बिटांत सव्वाचार अब्जांच्या फार पुढचे काही मावत नाही. बोर्डावरची चाचणी मात्र उत्तीर्ण झाली होती, कारण पोर्टला काहीच जोडलेले नव्हते आणि शून्य अगदी बरोबर येत होते.

सोल्डरगन: गुणाकार जमल्याबद्दल अभिनंदन. आमच्या २४ पोर्टांच्या स्विचच्या पॅचवर अशाच एका बोर्डविरहित विद्वानाने 'प्रोबमध्ये (ड्रायव्हर सुरू होताना चिपचा ताबा घेतो तेव्हा) आधी चिप रिसेट करा' असा आग्रह धरला. सीपीयू रीबूट होत असतानाही ही चिप पोर्टांना वीज देत राहते, आणि ग्राहक आमचा स्विच घेतो तो त्याचसाठी. रात्री अपडेट लागताच त्या रिसेटने वीज तोडली आणि गेटवरचे कॅमेरे आणि फोन एकदम गेले. मग प्रत्येक पोर्टवर पुन्हा २५ किलोओहमच्या रोधावरून उपकरणाची ओळख, त्याला किती वीज लागेल याचे वर्गीकरण, मग वीज, आणि त्यानंतर कॅमेऱ्यांचे सावकाश बूट होणे. पहाटे तीनला फोन मला आला, त्यांना नाही. त्यांच्या १९ शेऱ्यांपैकी ११ शेरे तर कोडमधल्या चलांच्या (व्हेरिएबल्सच्या) घोषणा लांबीनुसार लावण्याबद्दल होते!

उलटे_झाड: लांब ओळ वर, आखूड खाली, हा लिनक्स कर्नलमधल्या नेटवर्किंगच्या कोडचा 'उलटे झाड' नावाचा संकेत आहे. तो पाळायला दोन मिनिटे लागतात, त्यावर रडायला मात्र लोकांना दोन दिवस पुरत नाहीत.

सोल्डरगन: एका चलाचे मूल्य दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर तुमचे झाड उभे कसे राहते, तेही सांगा.

उलटे_झाड: घोषणा वर ठेवा, मूल्य खाली द्या. एवढे कळत नसेल, तर बोर्ड असून काय उपयोग?

सोल्डरगन: भाषा सांभाळा. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला तुमचे झाड दाखवून पाहा.

नवखी_पॅचवाली: मी जुन्या कर्नलवर पीडी६९२एक्स० चा ड्रायव्हर आणत होते. या कंट्रोलरशी १५ बाइटांच्या संदेशांतून बोलावे लागते आणि दोन संदेशांमध्ये किमान ३० मिलिसेकंद थांबावे लागते. ते थांबणे माझ्याकडून राहिले होते. चौथ्या आवृत्तीपर्यंत वाद झाडावरच चालला आणि चूक शेवटी तारांवरचे सिग्नल दाखवणाऱ्या लॉजिक अ‍ॅनालायझरवर मला स्वतःलाच दिसली. अर्थात ३० चा आकडा डेटाशीटमध्ये होता. बोर्ड नसलेल्यालाही तो वाचता आला असता.

तांब्याची_तार: रिसेटची ओळ पाहून 'चालू पोर्टांचे काय?' असे मीही बहुधा विचारले नसते, एवढे मान्य. पण मग आम्हाला बोर्ड तरी कोण देतो?

सोल्डरगन: एक जुना पडून आहे, पाठवतो. झाडवाल्यांना मात्र मिळणार नाही.