पांढऱ्या पडद्याचा उजेड डोळ्यांना सोसत नाही. डीटीपीच्या कामात काय करावे?

प्रश्न: शहापूरकर, बेळगाव

नमस्कार. मी बेळगावात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने तयार करण्याचे, काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असा बहुतेक मजकूर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत जुळवावा लागतो. मला अर्धशिशीचा जुना त्रास आहे आणि अलीकडे पडद्यावरच्या पांढऱ्या पानाकडे पाहणेही असह्य होते. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले आहे. सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याच्या पुढच्या भागाचा बाक सगळीकडे सारखा नसल्यामुळे लागणारा चष्म्याचा नंबर) सोडल्यास डोळ्यांत दोष नाही, उजेड न सोसणे हा अर्धशिशीचाच भाग आहे, असे त्यांनी सांगितले.

सगळ्यांच्या सल्ल्यानुसार डार्क मोड लावला, पण काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरल्यासारखी दिसतात. अनुस्वार आणि रफार शिरोरेषेला चिकटतात, कन्नडमधील ओत्तक्षरे (जोडाक्षरात खाली लिहिली जाणारी अक्षरे) तर वरच्या अक्षरापासून वेगळी काढता येत नाहीत, आणि मुद्रितशोधनात नेमके तेच पाहायचे असते. शिवाय सगळे गडद असताना हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर उघडले की त्याची पांढरी खिडकी एकदम डोळ्यांवर येते. करंट गेल्यावर यूपीएसवर काम चालू असताना अंधाऱ्या दुकानात हा त्रास सर्वांत जास्त होतो. यावर कोणी काही उपाय केला आहे का?

उत्तर: निपाणीकर

ताई, मी चष्म्याच्या व्यवसायात आहे, म्हणून आधी कारण सांगतो. पडदा काळा झाला की डोळ्यातील बाहुली मोठी होते, आणि ती मोठी झाली की सिलिंड्रिकल नंबरचा उरलासुरला दोष अधिक जाणवतो. त्यामुळे उजळ अक्षराच्या कडा आजूबाजूच्या काळ्या भागात पसरतात. म्हणजे आपल्याला अंधार नको आहे, मध्यम उजेड हवा आहे.

शुद्ध पांढऱ्यावर शुद्ध काळे अक्षर असले की दोन्हींच्या उजेडाचे प्रमाण २१:१ असते, तर वेबपानांच्या सुगम्यतेचे जागतिक निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ एवढेच मागतात. गडद राखाडीवर फिकट राखाडी अक्षरे घेतली तरी हे प्रमाण ९-१०च्या घरात राहते. आपल्या कामासाठी मात्र मी उलटे सुचवेन: फिकट राखाडी पानावर काळी अक्षरे. बाहुली आटोक्यात राहते आणि रफारही सुटा दिसतो.

दुकानात गॉगल लावून बसू नये, कारण डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड अधिकच बोचू लागतो. अर्धशिशीच्या रुग्णांसाठी एफएल-४१ नावाची गुलाबी छटेची काच मिळते. ती निळ्या-हिरव्या उजेडाचा बराच भाग अडवते. आपल्या डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारावे.

उत्तर: खानापूरकर

मीही छपाईच्याच धंद्यात आहे, त्यामुळे प्रत्यक्ष कामाचे सांगतो. कोरलड्रॉ या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पानाला फिकट राखाडी पार्श्वभूमी द्यावी आणि तिथेच असलेली ‘प्रिंट अँड एक्सपोर्ट बॅकग्राउंड’ ही खूण काढून टाकावी, म्हणजे तो रंग पडद्यापुरताच राहतो, पीडीएफमध्ये उतरत नाही. ही खूण काढायला विसरलो तर ग्राहकाला राखाडी पत्रिका जाईल, म्हणून एक रिकामी फाइल अशी कायमची तयार करून ठेवावी आणि प्रत्येक नवे काम तिच्यातूनच सुरू करावे. लिब्रे ऑफिसमध्ये ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲप्लिकेशन कलर्स’ (नव्या आवृत्त्यांत ‘अपिअरन्स’) या वाटेने पानाचा रंग बदलता येतो. तोही छापला जात नाही.

विंडोजमधील ‘नाइट लाइट’ या सोयीने पडदा पिवळसर होऊन बरे वाटते, परंतु हळदी-कुंकवाच्या रंगांची निवड करताना ते बंदच ठेवावे, अन्यथा छापून आलेला पिवळा पडद्यावरच्या पिवळ्याशी जुळणार नाही.

आणखी एक गोष्ट तपासावी. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी मागचा दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण संवेदनशील माणसाचे डोके त्यामुळे दुखू शकते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग वाढवून पांढऱ्या पडद्याकडे धरल्यास काळे पट्टे दिसतात का, ते पाहावे. दिसल्यास मॉनिटरचा ब्राइटनेस फार खाली न नेता पानच राखाडी करणे चांगले. चोक असलेली जुनी ट्यूबलाइटही सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. ती टेबलावर असेल तर आधी बदलावी.

उत्तर: उद्यमबाग

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हिशेबाच्या खिडकीविषयी सांगतो. विंडोजचा डार्क मोड जुन्या प्रोग्रामना आपोआप लागू होत नाही. तो पाळायचा की नाही हे प्रोग्राम बनवणाऱ्यावर असते. कॉन्ट्रास्ट थीमचे तसे नाही. ती विंडोजचे मूळ रंगच बदलते, त्यामुळे जे प्रोग्राम ते मूळ रंग वापरतात ते जुने असले तरी मुकाट्याने बदलतात. विंडोज ११मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’त ही सोय आहे, आणि थीमचे रंग स्वतः निवडता येत असल्यामुळे निपाणीकर सांगतात ती गडद राखाडीवर फिकट राखाडी अक्षरांची जोडीच तिथे भरावी. डावे ऑल्ट, डावे शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबल्यास थीम चालू-बंद होते.

खिडकी उघडताना क्षणभर चमकणारा पांढरा रंग हा मात्र आम्हा बनवणाऱ्यांचा दोष आहे. मजकूर तयार होण्याआधी रिकामी खिडकी दाखवली जाते आणि तिला ठरलेला पांढरा रंग असतो. खिडकी दाखवण्यापूर्वीच पार्श्वभूमी रंगवणे फारसे कठीण नाही. ज्याला या चमकेने अर्धा दिवस झोपून काढावा लागतो त्याचा विचार कोणी करत नाही, एवढेच.

शहापूरकर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. राखाडी पानाने मोठा फरक पडला आणि ओत्तक्षरेही स्पष्ट दिसू लागली. ट्यूबलाइट बदलायला सांगितली आहे. कॉन्ट्रास्ट थीममध्ये हिशेबाचे सॉफ्टवेअर गडद झाले, पण येणे बाकीचे आकडे गडद लाल असल्यामुळे आता दिसतच नाहीत. याला काय करावे?

उद्यमबाग

ताई, तिथे पार्श्वभूमी विंडोजकडून येते, पण आकड्यांचा लाल रंग बनवणाऱ्याने कायमचा ठरवून टाकलेला आहे. तूर्त थीमची पार्श्वभूमी फिकट राखाडी आणि अक्षरे काळी अशी ठेवून पाहावी. तिच्यावर गडद लाल व्यवस्थित वाचता येतो. सोबतच त्या आकड्यांचे दोन्ही थीममधील स्क्रीनशॉट विक्रेत्याला पाठवावेत आणि ‘मजकुराचा रंगही सिस्टिमकडून घ्यावा’ असे स्पष्ट लिहावे. नुसते ‘दिसत नाही’ असे कळवले तर ब्राइटनेस वाढवा असेच उत्तर येईल.