हिंदी पिक्चर का उतरला? खान्देशकरांनो, आपापला अनुभव सांगा

परवा धुळ्यात मित्रांसोबत जेवायला बसलो होतो. शेवभाजी येईपर्यंत एकच विषय चालला: थेटरात जाऊन पाहिलेला आणि मनापासून आवडलेला शेवटचा हिंदी पिक्चर कोणता? कोणालाच चटकन सांगता येईना. म्हणून हा धागा. परीक्षणं नकोत, बॉयकॉटची भांडणं तर नकोतच. तुमच्या गावात, तुमच्या घरात काय झालं ते लिहा. विरोधी मत असेल तर बिनधास्त मांडा.

भुसावळकर

माझे वडील एका वितरकाकडे बुकिंगचं काम बघायचे. बाहेरच्यांना ठाऊक नसतं, पण सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्यालय आपल्या भुसावळात आहे. विदर्भ, मध्य प्रदेश, राजस्थान इथले वितरक आणि थेटरवाले तिचे सभासद. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेच्या पार्सलनं यायच्या, आणि गाडी लेट झाली की थेटरात पब्लिकचा दंगा ठरलेला.

तेव्हा पिक्चर घ्यायचा तर वितरक एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी स्वतःच्या खिशातून मोजायचा. पिक्चर पडला की माणूस बसलाच. त्यामुळे मुंबईहून ट्रायल पाहून आल्यावर पहिला प्रश्न असायचा, "मुंबईचं सोड, अकोल्याला चालेल का? खंडव्याला चालेल का?" वडिलांचे शेठ तर डोअरकीपरला चहा पाजून विचारायचे की पब्लिक कुठल्या सीनला उठून विडी ओढायला बाहेर येतं. असल्या गोष्टी मुंबईपर्यंत पोचायच्या, कारण त्या निर्मात्याच्या पुढच्या पिक्चरचा भाव त्यावर ठरायचा.

आता मोठे स्टुडिओ स्वतःच पिक्चर लावतात आणि इथला माणूस कमिशनवर. पिक्चर आपटला तरी त्याच्या घरचं काही जात नाही, मग तो ओरडेल कशाला? शुक्रवारी देशभर एकदम लागतो, सोमवारी खुर्च्या रिकाम्या. ओटीटीचे आणि टीव्हीचे हक्क आधीच विकून झाले असतील तर निर्मात्याला खंडव्याशी काय देणंघेणं? लेखकांची अक्कल एका रात्रीत संपली असं मला वाटत नाही. विचारणारा माणूस मधून गेला.

चोपड्याची बाई

सासूबाईंना घेऊन आम्ही सगळे जळगावला मल्टिप्लेक्सला गेलो. तिकिटं, पॉपकॉर्न, गाडीचं पेट्रोल धरून महिन्याचा किराणा झाला असता. पिक्चर तीन तासांच्या वर. हिरो माणसं कापतोय, मशीनगन चालवतोय, बायकोच्या अंगावर ओरडतोय. एसीची थंडी म्हणून सासूबाईंनी लुगड्याचा पदर कानावरून घट्ट ओढून घेतला होता. मध्यंतराला मला हळूच विचारतात, "अगं, हा आपला का त्यांचा?" म्हणजे हा चांगला माणूस का वाईट. मला खरंच उत्तर देता येईना. धाकटी तोवर झोपली होती, तेच बरं.

त्यांच्या वेळचे पिक्चर भाबडे होते हे मान्य. पण तीन पिढ्या एका रांगेत बसून पाहू शकतील असं काही मुंबईला आता बनवायचंच नाही का?

रावेरचा केळीवाला

आमच्याकडे केळी कापणीची पोरं दुपारच्या सुट्टीत बांधावर मोबाइल उभा करून पिक्चर बघतात. सगळा डब केलेला साउथ. मी एकदा विचारलं, हिंदी का नाही बघत रे? एक जण म्हणाला, "दादा, हिंदीतला हिरो काम काय करतो?"

मी घरी येऊन विचार करत बसलो. बरोबर आहे भो. हिंदीतला हिरो एक तर गुप्तहेर, नाही तर लंडनला राहणारा. उधारी नाही, पाण्याची पाळी नाही, मुकादमाशी भांडण नाही. 'पुष्पा'चा हिरो रक्तचंदन तोडणारा मजूर म्हणून सुरुवात करतो. खांद्यावर केळीचा घड घेऊन गाडी भरणाऱ्या पोराला तो लगेच जवळचा वाटतो. तो पुढे तस्करी करतो हे वेगळं, त्याचं कौतुक मी करत नाही. गंमत बघा, 2021 च्या त्या पहिल्या भागाला हिंदी आवाज आपल्या श्रेयस तळपदेनं दिलाय. म्हणजे बोलायला माणूस मुंबईचाच लागला, गोष्ट मात्र तिकडून आणावी लागली.

नंदुरबारी

जरा थांबा. नव्वदच्या दशकातला कचरा विसरलात? त्याच त्या जुळ्या भावांच्या गोष्टी, कॉलेजात शिकणारे चाळिशीतले हिरो, बाहेरून उचललेल्या चाली. तेव्हा आपण सोळा वर्षांचे होतो म्हणून सगळं गोड लागत होतं. आणि आताही चांगलं बनतंच. 2023 चा 'ट्वेल्थ फेल' मोठ्या स्टारशिवाय तोंडी प्रसिद्धीवर चालला. आमच्या इथली स्पर्धा परीक्षेची पोरं घोळक्यानं गेली होती. प्रॉब्लेम मधल्या मालाचा आहे. शंभर कोटींचा तमाशा नाही तर ओटीटीचा अंधार, मधलं दुकानच बंद.

पारोळ्याचा डीजेवाला

मी गाण्यापुरतं बोलतो. दहा-बारा वर्षांपूर्वी नवीन पिक्चरची गाणी पेन ड्राइव्हला नसली तर वरात अडवायचे. आता नवं हिंदी गाणं लावलं की पोरं पाणी प्यायला जातात. मागणी एक तर जुन्याची, नाही तर सरळ, "आहिरानी लाव ना भो!" हळदीला तर आहिराणीशिवाय पान हलत नाही. छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड करून, शेतात शूटिंग करून यूट्यूबवर टाकलेली गाणी आहेत ही. मुंबईवाले मात्र जुनंच गाणं घेऊन त्यात रॅप घुसवतात. ज्याला मूळ गाणं पाठ आहे तो चिडतो, ज्याला नाही तो विसरतो.

मालेगाव, पॉवरलूम

जिल्ह्यानं आम्ही नाशिकचे, पण या धाग्यात घुसणारच. शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवारी थेटर भरलेलं. स्टारच्या एन्ट्रीला आत फटाके फोडणारी गर्दी आमचीच. ते चूकच आहे, कोणी भाजलं तर काय? आमच्या गावानं मुंबईच्या पिक्चरच्या नकला काढून स्वतःची पिक्चरं केली. त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये हिंदी पिक्चरही आला. तो मला आवडला. नक्कल करायला मूळ पिक्चर प्रत्येकाला तोंडपाठ असावा लागतो. आजच्या कुठल्या पिक्चरची नक्कल काढाल? डायलॉग एक तरी आठवतो का?

तालुक्याचा थेटरवाला

सगळे पिक्चरला नावं ठेवता, थोडं आमचंही ऐका. मोठा पिक्चर घ्यायचा तर कंपनी म्हणते चारही शो आमचेच. लहान चांगला पिक्चर लावायला जागाच ठेवत नाहीत. मोठा पडला की आठवडाभर रिकाम्या हॉलचं वीजबिल मी भरतो. सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी बारावरून पाच टक्के झाला, बरं झालं, पण सत्तर रुपयांचं तिकीट स्वस्त केल्यानं न येणारा येत नाही.

उलट जुना माल चालतो. 'तुंबाड' 2018 ला आला तेव्हा फार कोणी विचारलं नव्हतं. 2024 ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला. माझ्याकडेही बाल्कनी भरली. भावानं शेजारच्या जागेत मंगल कार्यालय काढलंय, तो मला रोज हिशेब दाखवतो. अजून ऐकलेलं नाही.

नंदुरबारी

मालक, तालुका कोणता ते सांगा, येतो. पण बाल्कनीतले पंखे तेवढे चालू करा.