ग्रुप कोचिंग आणि टीम कोचिंग: प्रस्ताव लिहिताना नेमका फरक कोणता धरावा?

प्रश्न

नमस्कार. मी गेली सात वर्षे व्यक्तिगत कोचिंग करतो, म्हणजे एकेका व्यक्तीशी बोलून, प्रश्न विचारून तिला कामातली उद्दिष्टे गाठायला मदत करतो. एकापेक्षा अधिक लोकांना एकत्र बसवून काम करण्याचा अनुभव मात्र मला बेताचाच आहे. अलीकडे एका कंपनीच्या एचआर विभागाकडून विचारणा आली की, आमच्या आठ विभागप्रमुखांसाठी सहा महिन्यांचे ग्रुप कोचिंग करून हवे आहे. बोलणे पुढे गेले तेव्हा त्याच अधिकाऱ्यांनी दोनदा 'टीम कोचिंग' असेही म्हटले आणि त्यांच्या लेखी हे दोन्ही शब्द एकच आहेत, हे माझ्या लक्षात आले. मराठीत तर दोन्हींना 'गट' म्हणून आपण मोकळे होतो, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

हे आठही जण एकाच संचालकांच्या हाताखाली काम करतात. ग्रुपमध्ये एकमेकांशी कामाचा संबंध नसलेली माणसे असतात आणि टीममध्ये रोज एकत्र काम करणारी, असा खुलासा सगळीकडे वाचायला मिळतो, परंतु तेवढ्याने माझे समाधान होत नाही. सेशन चालू असताना हा फरक प्रत्यक्ष कुठे जाणवतो? आणि एकाच कामात दोन्ही साधता येतात का?

प्रतिसाद १

माणसे एकमेकांना ओळखतात की नाही, यावरून हा फरक ठरत नाही. आपला क्लायंट कोण, हा खरा प्रश्न आहे. ग्रुप कोचिंगमध्ये खोलीत आठ माणसे असली तर क्लायंटही आठ असतात. प्रत्येकाचे उद्दिष्ट स्वतंत्र असते आणि इतरांच्या सोबतीने ते गाठणे त्याला सोपे जाते, एवढेच. टीम कोचिंगमध्ये माणसे आठ असली तरी क्लायंट एकच, म्हणजे ती टीम. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचेसच्या जागतिक संघटनेने २०२० मध्ये टीम कोचिंग करणाऱ्याच्या अंगी असाव्यात अशा वेगळ्या क्षमता जाहीर केल्या, त्यांतही संपूर्ण टीम हाच एक क्लायंट मानण्यावर भर आहे.

सेशनमधला फरक एका वाक्यावरून दाखवतो. समजा, एक जण म्हणाला, "मला कामे हाताखालच्या लोकांवर सोपवता येत नाहीत." ग्रुपमध्ये मी त्याच्याशीच बोलेन: शेवटचे कोणते काम त्याने स्वतःकडे ठेवले, ते देताना कसली भीती वाटली, पुढच्या पंधरा दिवसांत कोणते एक काम तो सोडून पाहील. बाकीचे सात जण ऐकत असतात आणि त्यांतल्या तिघांना तरी हे आपल्याबद्दलच चालले आहे असे वाटते. अडचण आपल्या एकट्याचीच नाही, हे कळणे हा ग्रुपचा मोठा लाभ आहे.

तेच वाक्य टीममध्ये आले, तर मी त्या माणसाकडे पाहत राहणार नाही. मी सर्वांना विचारेन, "या टीममध्ये काम सोपवले की पुढे काय होते?" मग हळूहळू बाहेर येते की, विक्री विभाग न विचारता तारीख कबूल करतो, उत्पादन विभागाला ती आयत्या वेळी कळते आणि चूक झाली की जाब फक्त प्रमुखाला विचारला जातो, अशा स्थितीत काम सोपवायला धजावणार कोण? एकट्याचा स्वभावदोष म्हणून जी गोष्ट समोर आली होती, ती सर्वांनी मिळून लावलेली सवय निघते.

आणखी एक. टीम कोचिंग म्हणजे माणसांमधले संबंध सुधारून देणे, असा समज फार रूढ आहे. रिचर्ड हॅकमन आणि रूथ वेजमन या टीमचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा रोख नेमका याच्या उलट आहे. टीमचे प्रयत्न, कामाची पद्धत आणि ज्ञान-कौशल्ये यांवर केलेले कोचिंग, आपसांतील संबंधांवर केलेल्या कोचिंगपेक्षा अधिक उपयोगी ठरते, असे ते म्हणतात. शिवाय त्यांच्या मते कामाच्या आरंभी प्रेरणेवर, मध्यावर पद्धतीवर आणि शेवटी शिकण्यावर भर द्यावा. ग्रुप कोचिंग कोणत्याही सोमवारी सुरू करता येते. टीम कोचिंगला मात्र टीमच्या कामाचे वेळापत्रक पाहूनच हात घालावा लागतो.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले. त्यात गोपनीयतेचा मुद्दा जोडतो, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

काही वर्षांपूर्वी एका टीमवर मी ग्रुप कोचिंगची पद्धत चालवली. तिसऱ्या सेशनमध्ये प्रत्येकाने आपली वैयक्तिक अडचण मांडायची होती आणि वरिष्ठही त्याच वर्तुळात बसले होते. एक जण बराच वेळ पेनचे टोपण उघडझाप करत राहिला आणि मग म्हणाला, "हा भार आता माझ्याच्याने होत नाही." क्षणभर कोणी काही बोलले नाही, नंतरच्या दोघांनी वेळेच्या नियोजनाबद्दल काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली. दोन महिन्यांनी त्याच्या वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकीत तेच वाक्य जवळजवळ शब्दशः त्याच्यासमोर आले. चूक माझी होती. एकमेकांच्या बढतीवर परिणाम करू शकणाऱ्या माणसांना मी मोकळेपणाने बोलायला लावले आणि वर 'इथले इथेच राहील' असे आश्वासनही दिले.

ग्रुपमध्ये ते आश्वासन बऱ्याच अंशी पाळता येते, कारण सेशन संपल्यावर माणसे आपापल्या वाटेने जातात. टीम मात्र सेशननंतर अर्ध्या तासात पुन्हा एकाच मीटिंगमध्ये बसते. त्यामुळे टीम कोचिंगमध्ये एकेकाशी वेगळे बोलायचे असेल, तर त्यातले काय सर्वांसमोर येईल आणि कोणत्या स्वरूपात, हे आधी लिहून सर्वांची मान्यता घ्यावी. एका सभासदाने कोचच्या कानात सांगितलेले गुपित कोचला पुढे सहा महिने डाचत राहते.

प्रतिसाद ३

मी थोडा वेगळा सूर लावतो. आठ जण एकाच संचालकांच्या हाताखाली आहेत म्हणून ती टीम झाली, हे आपण तिघांनीही गृहीत धरले आहे. कॅट्झेनबाख आणि स्मिथ या व्यवस्थापन सल्लागारांनी १९९३ मध्येच काम करणारा गट आणि टीम यांत भेद केला होता: गटात प्रत्येकाच्या स्वतंत्र कामगिरीची बेरीज होते, टीममध्ये मात्र सर्वांनी मिळून घडवलेले आणि सर्वांनी मिळून उत्तर द्यायचे असे काहीतरी असावे लागते. आठ विभागांचे आठ स्वतंत्र टार्गेट असतील आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये प्रत्येक जण फक्त आपला अहवाल वाचत असेल, तर त्यांना टीम कोचिंग देणे म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध देणे होय.

माझी कसोटी साधी आहे. प्रत्येकाला कोरा कागद द्यावा आणि विचारावे, "तुम्हा आठ जणांपैकी कोणालाही एकट्याने जमणारच नाही, असे तुमचे एक काम कोणते?" उत्तरे एकमेकांशी जुळली, तर टीम आहे. प्रत्येकाने आपल्याच विभागाचे काम लिहिले, तर एचआर काहीही म्हणो, ते ग्रुप कोचिंगच ठरेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्नकर्ता

आपणा तिघांचे मनापासून आभार. एचआरच्या परवानगीने तो प्रश्न मी आठही जणांना लेखी विचारला. पाच जणांनी आपापल्या विभागाचे उद्दिष्ट लिहिले. उरलेल्या तिघांनी, एकमेकांशी न बोलता, पुढील वर्षी येणाऱ्या नव्या उत्पादनाचे नाव लिहिले. यावरून मला असे सुचते की, आठ जणांसाठी ग्रुप कोचिंग आणि या तिघांसाठी उत्पादनाच्या वेळापत्रकाला धरून टीम कोचिंग, अशी दोन कामे वेगळ्या करारांनी करावीत. एक अडचण मात्र उरते: संचालकांना दोन्हीकडे स्वतः बसायचे आहे.

प्रतिसाद २

ग्रुपमध्ये त्यांना बसवू नका. कारण मी वर लिहिलेच आहे. त्यांना आपल्या बरोबरीच्या लोकांचा दुसरा ग्रुप सुचवता येईल. टीमच्या बाबतीत मात्र आधी त्यांनाच विचारा की, त्या उत्पादनाचे निर्णय ते या तिघांबरोबर बसून घेतात, की तिघांनी घेतलेल्या निर्णयांवर नंतर सही करतात. बरोबर बसून घेत असतील, तर ते टीमचे सभासद आहेत आणि पहिल्या सेशनपासून तिथे असायला हवेत. नुसती सही करत असतील, तर ते काम देणारे आहेत. त्यांच्याशी आरंभी, मध्यावर आणि शेवटी, तिघांच्या उपस्थितीतच बोला.